हाडांचा हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेच्या निमित्ताने झालेल्या देणगीदार व पालक मेळाव्यात बालशल्यचिकित्सा विभागातर्फे करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक अहवालाच्या पानांवर आमच्या विभागाचे काम बहुधा आकड्यांत मांडले जाते. किती शस्त्रक्रिया झाल्या, किती बालके बरी होऊन घरी गेली, हे आपल्यासमोर येते आणि ते यायलाच हवे. कारण त्यामागे आपला पैसा आणि आपला विश्वास उभा असतो. आज मात्र मी बोलणार आहे ते घरी गेलेल्या बालकांविषयी, आणि त्यांच्या शरीरातील अशा एका भागाविषयी, जो मोडेपर्यंत कोणाच्या नजरेस येत नाही. तो भाग म्हणजे हाडे.

प्रथम एका मुलीची हकिकत सांगते. तिचे नाव-गाव सांगत नाही. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी तिला हिरव्या उलट्या सुरू झाल्या. तिच्या लहान आतड्याला पीळ पडला होता, रक्तपुरवठा तुटला होता आणि आतड्याचा बराचसा भाग काळा पडला होता. शस्त्रक्रियेनंतर जिवंत आतडे उरले ते जेमतेम दीड वीत. पहिले सात महिने ती रुग्णालयातच वाढली. त्यानंतर तिच्या आई-वडिलांनी जवळच एक खोली घेतली आणि आठवड्यातील ठरावीक रात्री तिला शिरेवाटे पोषण देण्यासाठी ते घेऊन येत. या सर्वाचा मोठा भार आपल्या गरीब रुग्ण निधीने उचलला. उरलेले आतडे हळूहळू वाढले, रुंदावले, अन्न पचवू लागले. दोन वर्षे पूर्ण होता होता शिरेतील नळी काढली. त्या दिवशी विभागात पेढे वाटले गेले.

त्यानंतर आठ महिन्यांनी आई तिला कडेवर घेऊन धावत आली. फ्रॉक बदलताना पाय किंचित वळला आणि मुलगी किंचाळली, एवढेच तिचे म्हणणे. क्ष-किरण चित्रात मांडीचे हाड मोडलेले दिसले. इतक्या लहान मुलाचे एवढे मोठे हाड कारणावाचून मोडले, तर वैद्याने काही प्रश्न विचारावेच लागतात. मीही विचारले. पण माझ्या स्वरात प्रश्नापेक्षा संशय अधिक होता, हे आज कबूल करते. ती माउली क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मॅडम, दोन वर्षं हिची नळी जिवापाड सांभाळली. रात्र रात्र जागून काढली. हिच्या अंगावर माझा हात उठेल का?"

मी ते चित्र पुन्हा नीट पाहिले. हाडाची कड विसविशीत झाली होती, गुडघ्याजवळची टोके फुगीर व झिरझिरीत दिसत होती. हा मुडदूस होता. रक्त तपासले, तेव्हा स्फुरद म्हणजे फॉस्फरस कमी, ड जीवनसत्त्व अत्यंत कमी आणि हाडांची झीज-भर दाखवणारे अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आढळले. मग मी तिची फाइल उघडली. प्रत्येक भेटीत वजन नोंदले होते, उंची नोंदली होती, शौचाची संख्या आणि ताप आला की नाही हेही नोंदले होते. हाडांविषयी एक ओळसुद्धा नव्हती. चूक आईची नव्हती. ती आमची होती.

हे असे का घडले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अन्न अंगी लागत नाही, तेव्हा

पूर्ण दिवसांच्या नवजात बालकाचे लहान आतडे साधारण अडीच मीटर लांब असते. अन्नातील सत्त्व रक्तात शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम. काही बालकांत आतडे जन्मतःच जागोजागी बंद असते; काहींत पोटाच्या भिंतीला भोक राहून आतडी बाहेर आलेली असतात; अपुऱ्या दिवसांच्या काही बालकांत आतड्याला तीव्र सूज येऊन ते सडते; आणि काहींत, या मुलीप्रमाणे, पीळ पडतो. प्राण वाचवण्यासाठी निकामी भाग काढावाच लागतो. जे उरते ते इतके थोडे असते की आईचे दूध पाजले तरी ते अंगी लागत नाही. यालाच आम्ही आतड्याची अकार्यक्षमता म्हणतो.

साठ वर्षांपूर्वी अशा बालकाला वाचवण्याचा कोणताही मार्ग नव्हता. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे स्टॅन्ली डड्रिक, डग्लस विल्मोर, जोनाथन ऱ्होड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात बीगल जातीची कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेवाटे दिलेल्या पोषणावर वाढवून दाखवली. त्यानंतर लहान आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात बालिकेला हेच पोषण देण्यात आले आणि ती वाढू लागली. १९६८ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि बालशल्यचिकित्सेचे रूप पालटले. हृदयाजवळच्या मोठ्या नीलेत एक बारीक नळी बसवायची आणि तिच्यातून साखर, अमायनो आम्ले, स्निग्धांश, क्षार, खनिजे व जीवनसत्त्वे थेट रक्तात द्यायची, असे हे तंत्र. आज विशेष केंद्रांतून अशी बहुसंख्य बालके जगतात. आणि बालके जगू लागली, म्हणूनच ती कशी जगतात हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहिला आहे.

शरीराची पतपेढी

आपल्या शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. स्फुरदाचाही सुमारे ८५ टक्के साठा तेथेच असतो. रक्तात असते ते अगदी थोडे. पण तेवढे थोडे कॅल्शियम काटेकोर प्रमाणात राहिले नाही, तर हृदयाचे ठोके व स्नायूंचे आकुंचन बिघडते. म्हणून शरीराने एक व्यवस्था करून ठेवली आहे. रक्तात तूट पडली की मानेतील परावटू ग्रंथी हाडांतून उचल करतात आणि रक्तातील शिल्लक पुन्हा जागेवर आणतात.

आपल्यापैकी अनेकांनी संस्थांचे जमाखर्च पाहिले आहेत, त्यांना यातील धोका लगेच ध्यानात येईल. चालू खात्यात शिल्लक व्यवस्थित दिसते, पण ती मुदत ठेव मोडून भरलेली असते. रक्तातील कॅल्शियमचा अहवाल "सामान्य" येतो, तेव्हा आम्हा वैद्यांचीही अशीच फसगत होऊ शकते. त्या मुलीचे कॅल्शियमही जवळजवळ सामान्य होते.

शिवाय ही ठेव भरण्याचा काळ मर्यादित असतो. बालकाच्या हाडांतील खनिजांपैकी सुमारे ८० टक्के साठा गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत होतो. म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बालक रिकाम्या हाताने जगात येते. पुढे अठरा-वीस वर्षांच्या वयापर्यंत माणसाच्या हाडांची बहुतांश घडण पुरी होते. बालपणी न भरलेली ठेव उतारवयात भरून निघत नाही. आज बारीक राहिलेले हाड चाळिशीनंतरच्या अस्थिभंगाची बीजे बाळगून असू शकते.

तूट येते कोठून?

कोणी विचारील, बाटलीतून सर्व काही थेट रक्तात देता, मग कमी का पडते? याची कारणे अनेक आहेत.

पहिले कारण बाटलीतच आहे. कॅल्शियम व फॉस्फेट एकाच द्रावणात जास्त प्रमाणात मिसळले, तर त्यांचा न विरघळणारा साका बनतो. असे कण फुप्फुसात गेले तर ते प्राणघातक ठरतात. १९९४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दोन रुग्णांच्या मृत्यूनंतर याविषयी इशारा दिला होता. त्यामुळे औषधनिर्माता हात राखून मिश्रण करतो, आणि वाढत्या बालकाला हवे तेवढे खनिज बाटलीत मावत नाही. सेंद्रिय स्वरूपातील फॉस्फेट, उदाहरणार्थ सोडियम ग्लिसरोफॉस्फेट, वापरल्यास ही अडचण बरीच दूर होते. मात्र ते नेहमीच्या फॉस्फेटइतके सहज उपलब्ध नसते व महागही पडते.

दुसरे कारण अनपेक्षित वाटेल. ते म्हणजे अॅल्युमिनियम. आपल्या स्वयंपाकघरात अॅल्युमिनियमची भांडी असतात, तरी पोटात गेलेल्या अॅल्युमिनियमपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तात पोहोचतो. आतडे त्याला दारातच अडवते. शिरेवाटे दिलेल्या द्रावणाला असा द्वारपाल नसतो. काचेच्या कुपीत साठवलेल्या कॅल्शियम ग्लुकोनेटमध्ये काचेतून अॅल्युमिनियम उतरते, रक्तात जाते आणि मूत्रपिंडे अपरिपक्व असलेल्या बालकांत ते हाडांत साचून खनिज भरण्याच्या कामात अडथळा आणते. इंग्लंडमधील एका अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या ज्या बालकांना नेहमीची, म्हणजे अधिक अॅल्युमिनियम असलेली द्रावणे मिळाली होती, त्यांच्या कमरेच्या मणक्यांतील खनिज तेरा ते पंधरा वर्षांच्या वयातही कमी आढळले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. पाळण्यातील काही दिवसांची खूण पौगंडावस्थेत दिसावी, ही विचार करायला लावणारी गोष्ट आहे. २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच प्लॅस्टिकच्या कुपीतील कॅल्शियम ग्लुकोनेट वापरण्याची शिफारस आहे.

तिसरे कारण आतड्यातील गळती. आतड्याचा शेवटचा भाग पित्तातील क्षार परत शोषून घेतो. तो भाग काढला गेला, की पित्त अपुरे पडते, स्निग्धांश पचत नाही आणि स्निग्धांशात विरघळणारे ड जीवनसत्त्व त्याच्याबरोबर शौचावाटे निघून जाते. मॅग्नेशियमही असेच वाहून जाते. आणि मॅग्नेशियम फार घटले, तर परावटू ग्रंथीच मंदावतात. सततच्या जुलाबांतून शरीरातील क्षारता जाते, रक्त आम्लतेकडे झुकते, आणि ती आम्लता शमवण्यासाठी पुन्हा हाडेच झिजतात.

याखेरीज शिरेवाटे पोषण थोड्या तासांत भरभर दिले, तर लघवीवाटे कॅल्शियम अधिक जाते. वारंवार होणारे नळीचे जंतुसंसर्ग, यकृताला येणारी सूज, काही वेळा द्यावी लागणारी स्टिरॉइड औषधे, यांचाही परिणाम होतो. आणि शेवटी, हाडाला हालचाल लागते. रांगणे, उभे राहणे, पडणे, पुन्हा उठणे यांतून हाडाला बळकटीचा निरोप मिळतो. महिनोन् महिने खाटेवर असलेल्या, संसर्गाच्या भीतीने उन्हात न नेलेल्या बालकाला तो निरोप मिळत नाही.

आता त्या मुलीकडे परत येऊ. शिरेवाटे पोषण थांबले त्या दिवशी बाटलीतून मिळणारे ड जीवनसत्त्वही थांबले. तोंडावाटे थेंब लिहून दिले होते, पण कोणत्याही निरोगी बालकाला पुरतील एवढेच. तिच्या तोकड्या आतड्यातून त्यांतील फारच थोडे रक्तात पोहोचत होते. आम्ही ज्या दिवसाला संकटाचा शेवट समजलो, तो हाडांच्या दृष्टीने अधिक जोखमीच्या काळाचा आरंभ होता. नळी निघाल्यानंतर अशा मुलांत जीवनसत्त्वांची व खनिजांची उणीव वाढू शकते, हे आता चांगले ठाऊक झाले आहे. आम्ही मात्र नळीबरोबर तपासण्याही कमी केल्या होत्या.

आम्ही काय बदलले

मुलीच्या पायाला सहा आठवडे प्लास्टर होते. ड जीवनसत्त्वाची मात्रा रक्तातील पातळी पाहून अनेक पटींनी वाढवावी लागली. जोडीला स्फुरद, मॅग्नेशियम आणि आम्लता कमी करणारे औषध दिले. अस्थिभंग जुळला, मुडदूस ओसरला. पण तिने आम्हाला जे शिकवले, ते एका मुलीपुरते ठेवणे योग्य नव्हते.

आता विभागातील अशा प्रत्येक बालकाच्या फाइलमध्ये हाडांचे स्वतंत्र पान असते. कॅल्शियम, स्फुरद, मॅग्नेशियम, अल्कलाइन फॉस्फटेज यांची नियमित तपासणी होते. ड जीवनसत्त्व व परावटू संप्रेरक दर सहा ते बारा महिन्यांनी पाहिले जाते, आणि नळी निघाल्यावरही हे थांबत नाही. मूल शांत पडून राहण्याइतके मोठे झाले, की हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली जाते. तिच्यात किरणांची मात्रा अगदी अल्प असते. मात्र ही मुले वयाच्या मानाने बहुधा ठेंगणी असतात; त्यांच्या हाडांची तुलना उंचीचा विचार न करता केली, तर आजार आहे त्यापेक्षा मोठा भासतो. त्यामुळे निव्वळ यंत्राने छापलेल्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. उलटपक्षी, मणके दबले तरी काही मुलांना दुखतही नाही. म्हणून पाठीचे क्ष-किरण चित्र कधी कधी मुद्दाम काढावे लागते. आणि मूल खाटेवर असतानाच फिजिओथेरपिस्टचे काम सुरू होते.

आणखी एक बदल कागदावर दिसणार नाही. अस्थिभंग झालेल्या बालकाच्या पालकांना प्रश्न विचारण्यापूर्वी आता आम्ही ते पान उघडून पाहतो. प्रश्न तरीही विचारतो, कारण बालकाच्या रक्षणासाठी ते आवश्यक असतात. पण उत्तर आधीच ठरवून विचारत नाही.

पालकांना विनंती

येथे बसलेल्या माता-पित्यांना दोन-चार गोष्टी सांगते. मूल उभे राहण्यास नकार देऊ लागले, लंगडू लागले, उचलताना रडू लागले, पाठ दुखते म्हणू लागले, मनगटे जाड किंवा पाय वाकलेले दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लहान बालकाला एका हाताने किंवा दंडाला धरून उचलू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर नळीची जागा झाकून त्याला रोज थोडा वेळ उन्हात व मोकळ्या हवेत न्या. पण केवळ उन्हावर भिस्त ठेवून थेंब बंद करू नका. कोणी सांगितले म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या किंवा ड जीवनसत्त्वाची मोठी मात्रा स्वतःच्या मनाने सुरू करू नका. तिचा अतिरेकही मूत्रपिंडांना घातक असतो. नाचणी, दूध, तूप यांविषयी आजीबाईंचा सल्ला प्रेमाचा असतो, परंतु तोकड्या आतड्याला काय झेपेल ते आमच्या आहारतज्ज्ञांना विचारूनच द्या. आणि मूल खेळले, धावले, गुडघे फोडून आले, तर फार रागावू नका. खेळणे हाही त्याच्या उपचाराचाच भाग आहे. कोणते खेळ चालतील, एवढे मात्र आम्हाला विचारा.

देणगीदारांस निवेदन

विश्वस्त व देणगीदार मंडळींसमोर मी आज नव्या यंत्राची मागणी घेऊन आलेली नाही. यंत्रावर नावाची पाटी लागते, त्याचे उद्घाटन होते, आणि त्यात गैर काही नाही. पण हाडांचे रक्षण ज्या गोष्टींनी होते, त्यांना पाटी लावता येत नाही. काचेच्या कुपीऐवजी प्लॅस्टिकची कुपी, सेंद्रिय फॉस्फेटचा नियमित साठा, निर्जंतुक कक्षात मिश्रण करणारा प्रशिक्षित औषधनिर्माता, दर सहा महिन्यांच्या रक्ततपासणीचा खर्च, दूरच्या गावाहून येणाऱ्या कुटुंबाचे एस.टी.चे भाडे, आणि तारीख चुकली की दूरध्वनी करून चौकशी करणारी एक परिचारिका, एवढीच ही यादी आहे. यांतील प्रत्येक खर्च किरकोळ वाटतो. तो वर्षानुवर्षे करीत राहावा लागतो, हीच त्यातील अडचण आहे. मुलाचे हाड घडायला वीस वर्षे लागतात. त्याला एका वर्षाची देणगी पुरत नाही. आपल्या निधीतील काही भाग अशा दीर्घकाळच्या पाठपुराव्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

ती मुलगी आता दुसऱ्या इयत्तेत आहे. वर्गात ती सर्वांत ठेंगणी आहे. तिच्या मणक्यांची घनता सुधारली आहे, पण अजून अपेक्षेपेक्षा कमीच आहे, आणि ती कधी पूर्ण भरून निघेल असे वचन मी देऊ शकत नाही. तिच्या आईने हाडांची काडे करून तिला वाढवले आहे. गेल्या भेटीत त्या बाई मला म्हणाल्या, "मॅडम, शाळेत लंगडी खेळते म्हणते. खेळू देऊ का?" मी तिचे हाडांचे पान उघडले, सर्व नोंदी नीट पाहिल्या आणि मग होकार दिला.

हा होकार विश्वासाने देता यावा, यासाठी ते पान भरलेले असावे लागते. ते भरण्याचे काम आपल्या सर्वांच्या साहाय्यानेच चालू राहू शकेल.